धामणीचं हृदय, परळची सुई

भुईगावात केळीच्या वाडीत धामण दिसली तर जुनी माणसं काठी शोधत नाहीत. उंदीर खाते, जाऊ दे म्हणतात. तिच्या हृदयाचा विचार मात्र कोण करतो? परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी सापाच्या हृदयाचा केला.

आपल्या हृदयात रक्त अखंड खेळत असतं, पण जाडजूड स्नायूला ते आतून जवळजवळ मिळतच नाही. त्याच्यासाठी बाहेरून करोनरी वाहिन्या येतात. बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, तुडुंब आहे, पण पंपाचा पाइप चोंदला तर काठावरची केळ सुकणार, तसंच हे. सापाला ही अडचण फारशी नाही. त्याच्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, भिंत बरीचशी स्पंजासारखी, आतलं रक्त थेट तिच्यात झिरपतं.

मग आपल्या भिंतीलाही भोकं पाडली तर? सेन यांनी कुत्र्यांच्या हृदयावर सुईने ती पाडून पाहिली. तेहमतन उदवाडिया, किनारे आणि परुळकर या सहकाऱ्यांसह लिहिलेला शोधनिबंध 1965 साली छापून आला. त्याच्या नावातच चक्क ‘ॲक्युपंक्चर’ होतं! हेच सेन 16 फेब्रुवारी 1968 रोजी भारतातलं पहिलं हृदयरोपण करणार होते. तो रुग्ण जेमतेम तीन तास जगला.

सुईची खरी गोम भोकातच होती. बाहेरचं तोंड मिटायला हवं, नाहीतर रक्त वाहत राहणार. आतलं उघडं राहायला हवं. शरीराला हा भेद कोण समजावणार? ते गुठळी धरतं, वण भरतं, दोन्ही बुजवून टाकतं. शिवाय हृदय आवळतं तेव्हा भिंतीतला दाब आतल्या रक्ताइतकाच चढतो. रक्ताने शिरायचं कुठून?

पुढे सुईची जागा लेझरने घेतली. धडधडत्या हृदयात सुमारे एक मिलिमीटर रुंदीची भोकं पाडणाऱ्या या उपचाराला अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळाली. बायपास शक्य नसलेल्या कित्येकांची छातीतली कळ त्याने कमी झाली. तपासावं तर बरीच भोकं बुजलेली! कुणी म्हणतं जखमेभोवती नव्या वाहिन्या फुटतात, कुणी म्हणतं दुखणं सांगणाऱ्या नसाच जळतात, आणि ऑपरेशन झालं या विश्वासाचाही त्यात वाटा असावा अशी शंका आहेच. सापासारखी भिंत काही कुणाची झाली नाही. जिना चढताना छाती धरून थांबणं मात्र कमी झालं.