शिंपी होता म्हणून शिपाई जगला

रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना वाचली किंवा ऐकली असेल. डॅनियल डिफोने १७१९ साली लिहिलेली ही कादंबरी म्हणजे साहसकथांची आजीच. जहाज फुटल्यावर एकटा वाचलेला क्रूसो बेटावर २८ वर्षे काढतो, शेती करतो, शेळ्या पाळतो. मुलांना वाचताना मोठी मौज वाटते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. बाप नको म्हणत असताना क्रूसो आपल्या मर्जीने घराबाहेर पडला होता. शिवाय जहाजावरची हत्यारे, बंदुका, दारूगोळा सारे त्याला मिळाले. पुढे राबायला फ्रायडे नावाचा चाकरही मिळाला!

जपानच्या शोइची योकोईनेही जंगलात जवळजवळ तेवढीच वर्षे काढली. मात्र त्याची मर्जी कोणी विचारली नव्हती.

योकोईचा जन्म १९१५ चा. शिंपीकाम शिकून तो पोट भरत होता. जपानमध्ये १८७३ पासून सक्तीची लष्करभरती होती. सुरुवातीच्या कायद्यात २७० येन भरणाऱ्याला सूट मिळे. एवढी रक्कम कोणाच्या घरात असणार, हे सांगायला नको. पुढे ती सवलत गेली, सक्ती राहिली. १९४१ साली योकोईला बोलावणे आले. आधी मांचुरिया आणि १९४३ मध्ये पॅसिफिक महासागरातले ग्वाम बेट.

१९४४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेने ग्वाम जिंकले. जिवंतपणी शत्रूच्या हाती लागायचे नाही, ही जपानी शिपायाला शिकवण. म्हणजे जीव वाचवणे हाच गुन्हा! गोष्टीतला नायक जगला की आपण टाळ्या वाजवतो; सक्तीने नेलेला गरिबाचा पोरगा जगला तर ती बेइज्जती. योकोई काही साथीदारांबरोबर जंगलात शिरला.

तिथे त्याला लष्कराने शिकवलेले फारसे कामी आले नाही, कामी आला तो हातातला धंदा. अंगावरचे कपडे फाटले तेव्हा त्याने जास्वंदीच्या जातीतल्या एका झाडाची साल काढली, ठेचून तिचे धागे केले, स्वतः बनवलेल्या मागावर कापड विणले आणि सदरा-पँट शिवली. तीही काज-बटणांसकट! बघायला तिथे कोण होते? पण कारागिराचा हात अर्धवट काम करीत नाही.

राहायला जमिनीखाली खणलेले बीळ. खायला नदीतली कोळंबी, वाम मासे, बेडूक, उंदीर, नारळ. १९५२ च्या सुमारास पत्रकांवरून युद्ध संपल्याचे त्याला कळले होते; तरी भीतीने तो बाहेर आला नाही. उरलेले दोन साथीदार १९६४ च्या सुमारास मेले. पुढची आठ वर्षे तो एकटाच.

२४ जानेवारी १९७२ रोजी नदीवर कोळंबी धरत असताना तिथल्या दोन माणसांना तो दिसला. हे आता मारणार, असे वाटून तो त्यांच्यावरच धावून गेला. त्यांनी त्याला धरून गावात नेले. डॉक्टरांनी तपासले, मीठ न मिळाल्याने रक्त थोडे कमी, बाकी प्रकृती ठीक निघाली.

घरच्यांना तो मेल्याचे लष्कराने केव्हाच कळवले होते. मायदेशी उतरल्यावर, जिवंत परतल्याची आपल्याला शरम वाटते, असे तो म्हणाला. २८ वर्षांनंतरही ती शिकवण अंगातून गेली नव्हती! त्याच वर्षी त्याने लग्न केले आणि पुढे २५ वर्षे संसार केला. १९९७ साली तो वारला. सालीच्या धाग्यांचे ते कपडे नागोया शहराच्या संग्रहालयाने जपून ठेवले आहेत.