माडाचा शेंडा पाहणारा माणूस

परसातली बाकीची कामं घरच्या माणसाला जमतात. आळी करणं, पालापाचोळा गोळा करणं, अळवाच्या वाफ्याला पाणी सोडणं, कुंपण नीट करणं, हे सगळं उतारवयातही सावकाश उरकता येतं. माडाचं तसं नाही. त्याची फुलं, फळं, नवं पान आणि कीड, सगळं चाळीस-पन्नास फुटांवर. खाली उभं राहून त्याच्या मुळाशी खत-पाणी घालता येतं, त्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणूनच आपलं परसू आपल्याच हातांनी राखणारी कोकण-गोव्यातली घरंही या एका कामासाठी पिढ्यान् पिढ्या बाहेरचा माणूस बोलावत आली. तो माणूस म्हणजे पाडेली.

गोव्यात माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर वेगळा आणि पाडेली वेगळा. रेंदेराचे माड ठरलेले असतात आणि तो त्यांवर रोज चढतो. पाडेली दीड-दोन महिन्यांनी येतो, एका सकाळी चार घरांचे माड करतो आणि पुढच्या वाडीला लागतो.

वेंगुर्ल्याकडच्या एका परसात मी हे काम जवळून पाहिलं. पाडेल्याने दोन्ही पावलांत सुंभाचं वेटोळं अडकवलं, कोयती कमरेच्या मागे खोचली आणि खोडाला हातांचा विळखा घातला. हात वर सरकले की मागोमाग पावलं येत होती. छाती खोडापासून जरा लांब होती आणि घाई कुठेच नव्हती. दोनेक मिनिटांत तो झावळांत दिसेनासा झाला. मग त्याने लगेच पेंड तोडली असेल असं वाटेल, पण नाही. आधी त्याने वाळलेल्या झावळ्या आणि जुन्या पोयींची सालपटं खाली टाकली. नारळांवर कोयतीची पाठ ठोकून आवाज ऐकला. तयार पेंड कोणती आणि अजून महिनाभर ठेवायची कोणती, हे ठरवलं. तेव्हा कुठे वरून हाक आली, “बाजूक व्हा!”, आणि नारळ धपाधप खाली आले.

त्यानंतरही तो बराच वेळ वर होता. खाली आला तेव्हा त्याच्या हातात तारेचा आकडा होता आणि आकड्याला एक काळा, शिंग असलेला भुंगा. घरच्या बाईंना म्हणाला, “काकी, ह्या माडाच्या कोंबात भुंगो शिरलो होतो. आज काढलंय, पण पावसाआधी परत बघूक व्हया.”

हा गेंड्या भुंगा. तो न उमललेल्या कोंबात शिरून आतला कोवळा भाग कुरतडतो. ते पान पुढे उमललं की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. खालून ते आपल्याला दिसतं तोवर भुंगा आपलं काम करून गेलेला असतो. त्याहून वाईट तो सोंड्या भुंगा. तो जखमेच्या जागी अंडी घालतो, अळ्या खोड आतून पोखरतात आणि उभा माड एक दिवस शेंड्यापासून कोसळतो. चढायला सोपं म्हणून खोडाला खाचा पाडायची रीत आहे, तिला कृषितज्ज्ञ विरोध करतात तो याच कारणाने. १९९८ साली केरळात आढळलेला इरिओफाईड कोळी नंतर इतर राज्यांतही पसरला. त्याचे तपकिरी चट्टेही कोवळ्या फळावर आधी दिसतात ते वर चढलेल्यालाच. पानांच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या आणि वाळू भरायचा साधा उपायही त्याच्याच हातून व्हायचा.

म्हणून मला वाटतं, आपण पाडेल्याला ज्याचे पैसे देतो ते त्याचं निम्मंच काम आहे. दर ठरतो माडामागे. पूर्वी मजुरीत नारळच दिले जात, आता रोकड देतात, पण हिशेब नारळ पाडण्याचाच राहिला. शेंडा साफ करणं, कीड ओळखणं, कुठला माड थकला आहे ते सांगणं, हे सगळं त्यात फुकट धरलं जातं. दर माडामागे असला की जास्त माड करणाऱ्याला जास्त पैसे मिळतात आणि वर थांबून पाहणाऱ्याचं नुकसान होतं.

पाडेली मिळत नाहीत, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. तिच्यामागून येणारं ‘हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत’ हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं. चढण्याचं कौशल्य जातीला चिकटवलेलं होतं. कोकणात माडी काढणं हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. कामाला धोका होता, मान नव्हता. पाडेल्याच्या तळव्यांना आणि मनगटांना पडलेले घट्टे जन्मभर जात नाहीत. पावसाने शेवाळलेल्या खोडावरून पाय निसटला तर मणका मोडतो, आणि मग घर कुणाच्या जिवावर चालायचं? आपल्या मुलाने हे करू नये असं ज्या आईला वाटलं, तिला दोष कोण देणार?

ही अडचण नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात गांभीर्याने हाती घेतली. ‘नारळवृक्षाचे मित्र’ या योजनेत तरुणांना सहा दिवसांचं प्रशिक्षण, चढण्याचं यंत्र आणि अपघात विमा मिळू लागला. शिकणाऱ्यांत बायकाही होत्या. पिढ्यान् पिढ्या बायकांना बंद असलेला हा दरवाजा उघडला, ही मला या योजनेची सर्वांत मोठी मिळकत वाटते. यंत्र साधं आहे. दोन पावलांसाठी दोन लोखंडी चौकटी आणि खोडाभोवती तारेच्या दोराचा फास. एका पायावर भार दिला की तो फास आवळतो, दुसरा सैल होऊन वर सरकवता येतो. कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ नावाच्या शेतकऱ्याने घडवलेला हा नमुना देशभर गेला. वाकड्या खोडावर तो अडतो, आणि प्रत्येक माडाला काढून-घालून लावण्यात वेळ जातो. सरावलेला पाडेली तेवढ्यात दुसऱ्या माडावर पोचलेला असतो. पण यंत्रामुळे भीती कमी होते आणि नवखा माणूस वर पोचतो. वर पोचल्यावर काय पाहायचं, ते मात्र त्याला जुन्या पाडेल्याकडूनच शिकावं लागतं.

मुंबईत हाच व्यवहार उलटा होतो. सोसायटीच्या आवारातल्या माडाचे नारळ कुणाला नको असतात. भीती असते ती खाली उभ्या गाड्यांची आणि खेळणाऱ्या मुलांची. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी चढणारा शहाळी घेऊन जातो आणि तीच त्याची मजुरी ठरते. अशा सौद्यात शेंड्याकडे कोण पाहणार? कोवळी पेंड उतरली की तो मोकळा, आणि वर कुजत चाललेला कोंब कुणालाच कळत नाही.

गावाकडे खरी ओढाताण होते ती श्रावणात. पावसात चढणं बंद, नारळ आपोआप पडून कौलं फुटतात, आणि नेमकं तेव्हाच नारळी पौर्णिमा आणि गणपतीला घरोघर नारळ हवे असतात. चाकरमान्यांचे फोन सुरू होतात. वेंगुर्ल्याच्या त्या पाडेल्याने आता दोन दर ठेवले आहेत. नुसते नारळ पाडायचा एक, आणि शेंडा साफ करून, कीड पाहून औषध घालायचा दुसरा, जवळजवळ दुप्पट. बहुतेक घरं पहिलाच दर घेतात. काकींनी मात्र आपल्या सगळ्या माडांसाठी दुसरा घेतला आहे, आणि ऊन पडलं की पहिला दिवस तो त्यांना देतो.