निखळलेला दात वाचवा
मूल खेळताना पडले आणि समोरचा कायमचा दात मुळासकट निखळला, तरी तो पुन्हा बसू शकतो. मात्र मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत तेवढा वेळ सहज जातो; म्हणून पहिला उपचार जागेवरच करा. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. मळला असल्यास पाण्याखाली काही सेकंदच धुवा, घासू नका. लगेच खाचेत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. जमले नाही तर थंड दुधात ठेवून दंतवैद्य गाठा. 6 वर्षांखालील मुलाचा दात बहुधा दुधाचा असतो. तो परत बसवू नका. हिरडीतल्या कायमच्या दाताला इजा होते. उलटी किंवा गुंगी आल्यास आधी रुग्णालय.