हीटर प्लग तुटला तर?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. थंडीत ही उष्णता कमी पडते, म्हणून हीटर प्लग (ग्लो प्लग) आधी लाल होतो. सकाळी व्हॅन खूप वेळ स्टार्टर मारल्यावर, पांढरा धूर सोडत सुरू झाली, तर आधी हे प्लग तपासावेत. मल्टिमीटरवर चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत दिसतो. जळालेल्यात सर्किट तुटलेले असते.

खरी कसोटी प्लग काढताना लागते. काजळीने तो हेडमध्ये घट्ट बसतो आणि घाईने पाना फिरवला की मोडतो. इंजिन गरम करावे, गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे, मग टॉर्क पान्याने थोडे सैल, थोडे घट्ट करत आटे मोकळे करावेत. दहा मिलिमीटर आट्यांचा प्लग साधारण 35 न्यूटन-मीटरपर्यंत सुटला नाही, तर तिथेच थांबावे.

मोडलाच, तर तुकडा ड्रिल करून खास पुलरने काढतात. टोक सिलिंडरमध्ये पडले तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह धोक्यात येतात, म्हणून ते काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका. नवा प्लग बसवण्याआधी भोकातली काजळी रीमरने साफ करून घ्याच.