खिशातला कॉम्पॅक्ट की लेन्स बदलता येणारा कॅमेरा? पैसे देण्याआधी हे गणित एकदा बघा

मागच्या महिन्यात ताईची भिशी लागली. ७० हजार रुपये. तिला सातवा महिना चालू होता आणि तिचं ठरलेलं होतं, बाळासाठी कॅमेरा घ्यायचा. "फोनमधले फोटो फोनबरोबरच जातात गं. तुझ्या कामात कॅमेरे असतात ना, मग तू सांग कुठला घेऊ?"

मी काही सांगायच्या आत दाजींनी निकाल दिला होता. "घ्यायचाच तर मोठा घे, लेन्स बदलता येणारा. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याला एवढे पैसे कोण देतं?"

खरं सांगते, माझंही उत्तर तेच होतं. तीन आठवड्यांनी ते बदललं. का बदललं, तेच आज सांगते, कारण लग्न, बाळ किंवा ट्रिप जवळ आली की हाच प्रश्न इन्स्टावर मेसेज करून विचारणारे बरेच जण आहेत.

कॉम्पॅक्ट संपले होते ना? मग परत कुठून आले?

जपानी कॅमेरा कंपन्यांची 'सीपा' नावाची संघटना आहे. तिच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले आणि त्यातले बहुतेक खिशात मावणारे कॉम्पॅक्ट होते. मग फोनचे कॅमेरे सुधारले आणि २०२३ पर्यंत सगळ्या प्रकारचे मिळून हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला. पण गेल्या दोन-तीन वर्षांत रील्स आणि टिकटॉकवर (आपल्याकडे बंद आहे, पण लाट आलीच) डिजिकॅमचं वेड सुरू झालं. २०१९ चा कॅनन जी सेव्हन एक्स मार्क थ्री किंवा २०२४ चा फुजीफिल्म एक्स १०० व्हीआय यांची तर मधे टंचाईच झाली.

आता सगळे कॉम्पॅक्ट सारखे नसतात आणि बहुतेक जण इथेच फसतात. स्वस्तातल्या कॉम्पॅक्टमध्ये सेन्सर असतो साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा. चांगल्या फोनमध्ये आज याहून मोठा सेन्सर असतो, शिवाय फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून ते जोडतो. त्यामुळे फोनपेक्षा चांगला फोटो हवा म्हणून असा कॉम्पॅक्ट घेण्यात अर्थ नाही. लांबचा झूम हवा असेल तरच घ्या, त्याकडे पुढे येतेच.

कामाचे कॉम्पॅक्ट म्हणजे 'एक इंच' सेन्सरवाले. नावावर जाऊ नका, हा सेन्सर एक इंचाचा नसतोच. तो असतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांमधल्या काचेच्या नळीच्या मापावरून हे नाव पडलं आणि कंपन्यांनी ते आनंदाने तसंच ठेवलं. तरीही हरभऱ्यापेक्षा हा चौपट मोठा. सोनीची आरएक्स १०० मालिका २०१२ मध्ये याच सेन्सरवर सुरू झाली, जी सेव्हन एक्समध्येही हाच आहे.

दुसरीकडे कॅनन आर ५०, निकॉन झेड ३०, सोनी झेडव्ही-ई १० यांसारखे सुरुवातीचे मिररलेस. यात एपीएस-सी सेन्सर असतो. कॅननमध्ये तो २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, म्हणजे एक इंचवाल्याच्या जवळजवळ तिप्पट क्षेत्रफळाचा.

तिप्पट! मग विषयच संपला ना? दाजी हेच म्हणत होते.

परात मोठी, पण नळ बारीक

सेन्सर म्हणजे परात समजा आणि प्रकाश म्हणजे पाणी. परात मोठी असेल तर पाणी जास्त साठणार, बरोबर. पण नळाची धार किती आहे, हे कोण बघणार? कॅमेऱ्यात ती धार म्हणजे लेन्सचं अ‍ॅपर्चर. एफ १.८, एफ ४.५ असे जे आकडे लिहिलेले असतात, ते हेच. आकडा लहान तेवढी धार मोठी आणि हिशोब वर्गाने चालतो. एफ १.८ ची लेन्स एफ ४.५ पेक्षा सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर सहापटीहून जास्त प्रकाश सोडते.

आता खोक्यात काय येतं ते बघा. आर ५० बरोबर मिळणारी किट लेन्स आहे १८-४५ मिमी, तिचं अ‍ॅपर्चर एफ ४.५ पासून सुरू होतं आणि झूम केलं की ६.३ वर जातं. जी सेव्हन एक्सची लेन्स एफ १.८ पासून सुरू होते आणि पूर्ण झूमलाही २.८ च्या पुढे जात नाही.

म्हणजे परात तिप्पट, पण धार सहापट बारीक. सेन्सरवर पडणारा एकूण प्रकाश मोजला तर वाइडला छोटा कॅमेरा मोठ्याच्या दुप्पट प्रकाश गोळा करतो! मी हे दोनदा करून बघितलं, कागदावर. झूम केल्यावरही छोटाच पुढे राहतो, फक्त फरक पावणेदोन पटीवर येतो. मागचं दृश्य धूसर होण्याचंही साधारण हेच गणित.

ताईच्या घरात याचा अर्थ काय? वन बीएचके, पूर्वेला इमारत, दुपारी तीनलाही ट्यूबलाइट लागते. बाळाचं पहिलं वर्ष त्याच खोलीत जाणार. तिथे किट लेन्सवाल्या मोठ्या कॅमेऱ्याने फोटो छोट्यापेक्षा चांगले येणारच, असं छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर त्याला अ‍ॅपर्चर विचारा.

मग मोठा कॅमेरा घ्यायचाच कशाला?

दुसऱ्या लेन्ससाठी. हे कॅमेरे किट लेन्सपुरते बनवलेलेच नाहीत. त्याच आर ५० वर ५० मिमी एफ १.८ ची साधी, १६० ग्रॅमची लेन्स लावा. मघाचा हिशोब उलटा होतो आणि पोर्ट्रेटच्या अंतरावर कॉम्पॅक्टच्या सुमारे सातपट प्रकाश मिळतो. हा फरक कुणालाही फोनच्या स्क्रीनवरसुद्धा दिसेल. मी स्वतः हेच वापरते आणि मला दुसरं काही नको.

पण दोन अडचणी आहेत. पहिली पैशाची. ताईची भिशी बॉडी आणि किट लेन्समध्येच संपत होती, दुसऱ्या लेन्ससाठी आणखी पंधरा-वीस हजार बाजूला काढावे लागले असते. "नंतर घेऊ" म्हणणाऱ्या किती जणांनी ती नंतर घेतली? माझ्या ओळखीतल्या तिघांचे कॅमेरे अजून किट लेन्सवरच आहेत. त्यातले दोन कपाटात.

दुसरी अडचण खोलीची. एपीएस-सीवर ५० मिमी लेन्स बऱ्यापैकी 'जवळचं' दाखवते. दोन मीटरवरून जेमतेम ९० सेंटीमीटर रुंदीचं दृश्य मावतं. बाळ एकटं असेल तर मस्त. पण बारशाला आजी, आत्या, मावशी एका ओळीत बसल्या आणि दोन मीटर रुंदी हवी झाली की साडेचार मीटर मागे जावं लागेल. म्हणजे पंधरा फूट. ताईच्या हॉलमध्ये पंधरा फुटांवर जिना आहे.

एका बाबतीत मात्र मोठा कॅमेरा स्पष्टपणे पुढे आहे, फोकस. आर ५० माणसाचा चेहरा, डोळा ओळखून धरून ठेवतो. जी सेव्हन एक्सचा फोकस जुन्या पद्धतीचा आहे, हलणाऱ्या गोष्टीमागे तो चाचपडतो. सोनी आरएक्स १०० मार्क सेव्हन याबाबतीत चांगला, पण त्याची लेन्स एफ २.८ पासून सुरू होते, म्हणजे अंधारात तो मागे. आणखी एक, आर ५० ला डोळा लावून बघायला व्ह्यूफाइंडर आहे, जी सेव्हन एक्सला नाही. मे महिन्यातल्या उन्हात स्क्रीनवर काय दिसतं ते तुम्हाला माहीत आहे.

बाळ पहिलं वर्ष बरंचसं पडून किंवा बसून असतं. दुसऱ्या वर्षी ते पळतं. कॅमेऱ्याच्या निवडीत बाळाचं वय येईल असं मला वाटलं नव्हतं, पण येतं.

भिगवण, गुलाल आणि वाळू

झूमचं थोडक्यात. हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणारे बरेच जण नवा मिररलेस आणि किट लेन्स घेऊन जातात. पूर्ण झूमलाही ती लेन्स नजरेला दिसतं त्यापेक्षा फार जवळ नेत नाही. फोटोत पाणी, आभाळ आणि मधे गुलाबी ठिपके. तिथे कॅनन एसएक्स ७४० सारखा ४० पट झूमवाला, त्या हरभऱ्याएवढ्या सेन्सरचा कॉम्पॅक्टसुद्धा भर उन्हात बाजी मारतो. पक्षी हाच छंद असेल तर मात्र मिररलेस आणि वेगळी टेलिफोटो लेन्स, याला पर्याय नाही.

आता आपल्याकडची हवा. लेन्स बदलायची म्हणजे सेन्सर उघडा पडणार. विसर्जन मिरवणुकीत, गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका, कृपया. कॉम्पॅक्टमध्ये ही भीती कमी, पण त्याची लेन्स आत-बाहेर सरकते आणि त्या फटीत वाळू गेली की संपलं. माझा पहिला कॉम्पॅक्ट गोव्याच्या किनाऱ्यावर असाच गेला. लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली. दुरुस्तीवाल्याने अख्खा लेन्स युनिट बदलायचा आकडा सांगितला, तो ऐकून मी कॅमेरा परत पिशवीत टाकला. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्स बिघडली तर निदान लेन्सच बदलायची असते.

बुरशीला मात्र दोघंही सारखेच. कोकण, मुंबई, ठाण्यात राहत असाल तर पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, बास.

दुकानात काय झालं

फोर्टमधल्या बोरा बाजारात आम्ही तिघं गेलो. एका ठिकाणी कॉम्पॅक्ट आठ हजारांनी स्वस्त होता, पण बिलाशिवाय. असा माल बाहेरून आलेला असतो, त्याला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, ही 'सूट' बहुतेक त्यातूनच येते. ताईने नको म्हटलं. दुसरीकडे जुना, वापरलेला नव्याच्या भावात सांगितला. ती रीलवाल्यांची कृपा.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. काउंटरवरच्या झगमगाटात फोटो काढू नका, दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात काढा आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघा. आम्ही तसंच केलं. किट लेन्सवाल्या कॅमेऱ्यात दाजींचा चेहरा जास्त दाणेदार आला. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण ताईने ठरवलं ते त्या फोटोंवरून नाही. दुकानात तिने आर ५० लेन्ससकट पर्समध्ये घालून बघितला, ५०५ ग्रॅम, पर्सची चेन लागेना. मग ३०४ ग्रॅमचा कॉम्पॅक्ट घातला आणि चेन लावली. "डायपर, दुधाची बाटली, कपडे, आणि वर हा," ती म्हणाली. "मोठा घेतला तर तो घरीच राहील आणि मी फोननेच काढेन."

बिलासकट नवा मिळायला तीन आठवडे लागले. दाजी अजून म्हणतात की मूल पळायला लागल्यावर मोठा घ्यावाच लागेल, आणि त्यांचं ते चुकीचं नाही. ताईने पुढची भिशी लावलीय.