खाजनाचा कारभार

सेंद्रिय शेतीची चर्चा हल्ली बहुधा शेणखतापासून सुरू होते आणि प्रमाणपत्रापाशी थांबते. परंतु पेडणे आणि डिचोली या उत्तर गोव्यातील तालुक्यांत शापोरा, तेरेखोल वा मांडवीच्या काठच्या खाजनांवर जो कोणी उभा राहील, त्याला हा विषय मुळात पाण्याचा आणि ते पाणी सांभाळणाऱ्या मंडळीचा आहे, हे उमगल्यावाचून राहणार नाही. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून सोडवून घेतलेली सखल जमीन. अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन गोव्यात गणली जाते, आणि तिच्यातील प्रत्येक कुणगा, म्हणजे भातशेताचा तुकडा, शेजारच्या कुणग्याच्या भरवशावर जगतो.

बांधाच्या पोटात बसविलेली मानस, म्हणजे पाण्याचे दार, हे येथील शेतकऱ्याच्या प्रज्ञेने घडविलेले उत्कृष्ट यंत्र होय. जांभ्या दगडाच्या दोन भिंतींमध्ये लाकडी झडपा अशा बेताने टांगलेल्या असतात की, भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे त्याच्याच दाबाने त्या मिटतात, आणि ओहोटी लागली म्हणजे आत साठलेले पावसाचे पाणी त्यांना ढकलून आपली वाट काढते. माणसाने पाहायचे ते इतकेच, की फळ्या कुजू नयेत, फटी उघड्या राहू नयेत आणि कुर्ल्यांनी बांधाला पाडलेली बिळे वेळीच बुजविली जावीत. ओहोटीच्या पाण्याबरोबर मानशीपाशी जाळ्यात जी मासळी सापडते, तिच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होई, आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी चाले. जमिनीचे रक्षण करणाऱ्या साधनाने आपला खर्चही आपणच भागवावा, ही योजना मला फार मोलाची वाटते.

या जमिनीचे अस्सल पीक म्हणजे कोरगुट: उंच वाढणारे, खारटपणा सोसणारे, तांबूस दाण्याचे सरदी, म्हणजे पावसाळी, भात. मृगाच्या सरींनी मातीतले मीठ धुऊन गेले की मोड आलेले बी टाकावयाचे. पुढे भरतीच्या गाळाने जी कसदार माती साचलेली असे, तिच्यावर ते वाढे, आणि पोत्यातल्या खताची त्याला अपेक्षाच नसे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ या नावाचे क्षारसहिष्णू वाण सिद्ध केले. पोर्तुगीज अंमलातून गोव्याच्या मुक्तीनंतर रूढ झालेल्या जया आणि ज्योती या वाणांनी उत्पन्न वाढविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांना खारे पाणी सोसत नाही, म्हणून एकदा बांध फुटला की शेत पडीक पडते. पेडण्याच्या किनाऱ्यावर, भात निघाल्यानंतर उरलेल्या ओलाव्यावर होणारी हरमलची मिरचीही याच परंपरेतली. तिला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

हा सारा कारभार गावकरीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचा, होता. तिसवाडीच्या गावकऱ्यांची वहिवाट पोर्तुगीज अंमलाने 1526 च्या फोरालमध्ये नमूद करून ठेवली. सावंतवाडीकरांकडून पेडणे 1788 साली त्या अंमलाखाली आले, आणि कोमुनिदादींची, म्हणजे याच गावकरी संस्थांची, शेवटची संहिता 1961 च्या एप्रिलात, मुक्तीच्या अवघे काही महिने आधी, जारी झाली. पुढे 1964 च्या कूळ कायद्याने व 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला, तो न्याय्यच होता. परंतु बांधाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कूळ कायद्यापासूनच उघडा पडला होता. त्याचे उत्तर म्हणून 1975 च्या नियमांन्वये कुळांची मंडळे स्थापन झाली, आणि त्या नियमांच्या शीर्षकातच कुळांच्या संयुक्त जबाबदारीचा निर्देश आहे. काही ठिकाणी ती मंडळे नेटाने चालली. इतरत्र मानशीच्या पावणीतले मासळीचे उत्पन्न भातापेक्षा भारी ठरले, आणि मासळीसाठी खारे पाणी आत अधिक काळ कोंडून ठेवण्याचा मोह शेतीच्या मुळावर आला.

डिचोलीचे दुःख निराळे आहे. शिरगावासारख्या गावांत लोहखनिजाच्या खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरल्या, विहिरी आटल्या आणि पावसाबरोबर वाहून आलेला खाणींचा गाळ भातशेतांत बसला. तिथे सेंद्रिय खताने काय साधणार? सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालानंतर खाणी काही वर्षे थांबल्या, तरी बसलेला गाळ निकालाने उठत नाही.

खाजनांच्या बाबतीत मात्र सहभागी हमी पद्धती या नावाने जी व्यवस्था सेंद्रिय शेतीत आता मान्य झाली आहे, तिच्याकडून मला आशा आहे. 2004 साली ब्राझीलमधील तोरेस येथे जगभरच्या कार्यकर्त्यांच्या सभेत तिला आकार आला. भारतातही किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते पाहतो, एकमेकांची ग्वाही देतो आणि परक्या निरीक्षकाच्या भारी शुल्कातून सुटतो. गावकरीत वाढलेल्या माणसाला हे नवे नाही. परंतु ही ग्वाही शेताच्या मेरेपाशी थांबते आणि बांधापर्यंत पोहोचत नाही, ही तिची मोठी उणीव होय. खाजनातल्या गटाच्या नोंदवहीत खताबियाण्याबरोबर बांधाच्या दुरुस्तीचे दिवस, मानशीच्या पावणीचा जमाखर्च आणि पाणी आत घेण्या-सोडण्याच्या तारखा यांची नोंद सक्तीची व्हावी, आणि ती कुळांच्या सभेत वाचून दाखवावी. याकरिता नवी संस्था उभारण्याचे कारण नाही. 1975 च्या नियमांनी दिलेली मंडळे आहेत, त्यांच्याच दप्तरात ही वही ठेवावी.