पडद्यावरचं धुकं, छातीतली घरघर

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरात मालिकांचं चित्रीकरण बारा महिने चालू असतं. देवीचा साक्षात्कार असो की भुताची एंट्री, धुराचं यंत्र लागतंच. डोंबिवली-कल्याणच्या नाट्यगृहांतही स्वप्नदृश्याला धूर हवाच. प्रेक्षकाला तो मिनिटभर दिसतो. स्पॉटबॉय आणि लाइटमन मात्र दिवसभर तोच श्वासात घेतात.

हा धूर सहसा जाळून केलेला नसतो. यंत्रात ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण तापवतात. बाहेर पडलेली वाफ थंड होऊन तिचे बारीक थेंब हवेत तरंगतात. काही यंत्रांत खनिज तेल वापरतात. कॅनडातील १९ ठिकाणच्या १०१ कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लायकॉलच्या धुराने खोकला आणि घशाला कोरड पडत होती. दोन वर्षांतला एकूण संपर्क जितका जास्त, तितकी छातीत घरघर आणि आवळल्यासारखं वाटणं जास्त. यंत्राच्या अगदी जवळ काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांची क्षमताही कमी भरली.

ड्राय आइसची गोष्ट वेगळी. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं जमिनीलगत सरपटणारं धुकं देखणं खरं, पण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो. दृश्यात जमिनीवर निजलेलं लहान मूल असेल तर ते नेमकं त्यातच असतं.

खऱ्या धुरात प्रकाशाचे झोत उठून दिसतात, नटालाही वातावरण मिळतं. दिग्दर्शकांचा हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण धुकं आता संगणकावरही घालता येतं. दृश्यात मूल, गरोदर स्त्री किंवा दमेकरी असेल, तर तोच मार्ग धरावा. (संगणकापुढे बसणाऱ्याचे डोळे कोरडे होतात, मान धरते, त्यावर निदान मधूनमधून उठण्याचा उपाय आहे.)

खराच धूर हवा असेल तर यंत्र माणसांपासून दूर ठेवावं आणि दोन टेकच्या मध्ये दारं उघडून पंखे लावावेत. दमा असलेल्याने प्रॉडक्शनला आधीच सांगावं, इनहेलर व्हॅनिटीत नव्हे तर खिशात ठेवावा. सेटवर गेल्यावर खोकला आणि सुट्टीत आराम, असं वारंवार होत असेल तर स्पायरोमेट्री करून घ्यावी. एन-९५ मास्कने थेंब बऱ्यापैकी अडतात. ड्राय आइसच्या वायूपुढे मात्र तो निरुपयोगी.